स्टील टंग ड्रम घ्यायचा कसा, वाजवायचा कसा: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, उगार, कुठूनही विचारणा आली तरी प्रश्न साधारण हेच असतात. मी मुळात पेटीवाला. भजनाला साथ करतो, मुलांना सरगम शिकवतो. त्यामुळे उत्तरांचा कल पेटीकडे झुकलेला दिसेल, तेवढं चालवून घ्या.

हे वाद्य म्हणजे नेमकं काय?

पोलादाच्या दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून जोडलेल्या असतात आणि वरच्या वाटीत नालेच्या आकाराच्या चिरा पाडलेल्या असतात. चिरेमुळे मोकळी झालेली जीभ फक्त एका बाजूने भांड्याला धरून राहते. रबरी टोकाच्या काठीने तिच्यावर हलकेच टोला दिला की ती थरथरते, भांड्यातली हवा तिला साथ देते आणि घुमारदार सूर निघतो. एका जिभेचा एकच सूर. लांब जीभ खालच्या सुरात, आखूड जीभ वरच्या.

याचा इतिहास फार जुना नाही. लाकडी ओंडक्यात चिरा पाडून वाजवायची पद्धत आफ्रिकेत आणि मध्य अमेरिकेत पूर्वापार आहे. पोलादाचं आजचं रूप मात्र या शतकातलं. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांनी २००० साली 'हँग' नावाचं वाद्य घडवलं. ते महाग होतं आणि मिळायचंही मोजक्यांनाच. मग २००७ मध्ये अमेरिकेतल्या डेनिस हॅवलिना यांनी प्रोपेनच्या रिकाम्या टाकीला जिभा कापून घरगुती पर्याय काढला. टाकी म्हणजे टँक, 'हँग' आणि 'टँक' मिळून त्याचं नाव पडलं हँक ड्रम. आज दुकानात मिळणारे गोल, रंगीत ड्रम त्याच वाटेने आलेले.

हँडपॅन आणि हा एकच का?

नाही. हँडपॅनला चिरा नसतात. पत्रा हातोडीने ठोकून त्यावर सुरांचे खळगे बसवतात, एकेका खळग्यात मूळ सुराबरोबर वरचा षड्ज आणि पंचमही जुळवतात. ते काम वर्षानुवर्षांच्या सरावाचं, म्हणून किंमत पाच-सहा आकड्यांत जाते आणि ठोका बसला तर सूर हलतो. टंग ड्रम चार आकड्यांत मिळतो, सहसा उतरत नाही. चोरला घाट उतरून गोव्याला गेलात आणि समुद्रकिनारी कोणी मांडीवर तबकडी घेऊन नुसत्या बोटांनी वाजवताना दिसला, तर ते बहुतेक हँडपॅन असतं. ते बघून आलेले लोक घरी टंग ड्रम मागवतात आणि "तसा आवाज येत नाही" म्हणतात. येणारच नाही, वाद्यच वेगळं आहे.

मला सूर-ताल काही कळत नाही. जमेल का?

जमेल. एकमेकांना बोचणारे सूर ज्यात ठेवलेलेच नाहीत असा ड्रम घेतला, तर काहीही वाजवा, कानाला खुपत नाही. मन निवांत करायला लोक हे वाद्य घेतात त्याचं मुख्य कारण हेच आहे. मात्र सातही सुरांचा ड्रम घेतलात तर तेवढी मोकळीक नाही. त्याबद्दल पुढे पट्टीच्या प्रश्नात सांगतो.

सर, सहा इंची घेऊ की चौदा इंची?

खालचे सूर हवे असतील तर भांडं मोठं लागतं, यात पळवाट नाही. जाडी तीच ठेवून जिभेची लांबी निम्मी केली तर कंपनं चौपट होतात, म्हणजे सूर थेट दोन सप्तकं वर जातो. उलट एक सप्तक खाली यायचं तर जीभ साधारण १.४ पट लांब हवी. अशा लांब जिभा सहा इंचांत मावणार कुठे? म्हणून लहान ड्रम टिणटिण वाजतो. ऐकायला गोड, पण अंगात उतरत नाही. पाच मिनिटांनी मुलांच्या खेळण्याचा भास व्हायला लागतो.

प्रवासात न्यायचा, ऑफिसच्या टेबलावर ठेवायचा, नातवाला द्यायचा, तर सहा किंवा आठ इंची ठीक. रोज संध्याकाळी मांडी घालून बसणार असाल तर दहा इंचांच्या खाली जाऊ नका, बारा-तेरा इंची मिळाला तर उत्तम. चौदा इंचांचा घुमार भरदार असतो, पण वजन चार-पाच किलोंच्या घरात जातं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तो मांडीवर घ्यायचा नाही, चौरंगावर ठेवायचा.

जिभांची संख्या वाढली म्हणजे वाद्य चांगलं झालं असं नाही. त्याच आकारात आठऐवजी पंधरा जिभा कोंबल्या की प्रत्येकीची रुंदी कमी होते, नेम चुकतो आणि शेजारची वाजते. नवख्याला अकरा जिभा पुष्कळ. अकराच्या अनेक ड्रमांत खालचे प, ध, नि, मग मधलं पूर्ण सप्तक आणि वर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, असा हिशेब असतो. खालचा पंचम मिळतो ही मोठी सोय, कारण प आणि सा आलटून पालटून वाजवले की तंबोऱ्यासारखा आधार तयार होतो.

पट्टी कोणती घ्यावी? जाहिरातीत सी, डी, मायनर, पेंटाटॉनिक, अकेबोनो असं काय काय लिहितात.

घाई करू नये अशी निवड ही एकच. रंग नंतर बघा.

सी म्हणजे पेटीवरची आपली पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन. 'सी मेजर' किंवा 'डी मेजर' लिहिलं असेल तर सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल थाट. ओळखीची चाल वाजवायची असेल, प्रार्थना किंवा भजनाचा मुखडा काढायचा असेल, तर हाच घ्या. पुरुष गळ्याला पांढरी दोन बहुतेक वेळा सोयीची पडते. बायकांचे गळे काळी चार-पाचच्या आसपास असतात, त्यांनी ड्रमवरचा मध्यम किंवा पंचम सा मानून गुणगुणलं तरी चालतं.

'मेजर पेंटाटॉनिक' म्हणजे सा रे ग प ध, भूप रागाचे स्वर. निव्वळ मन शांत करायला घेत असाल आणि गाणी वाजवायचा सोस नसेल, तर डोळे झाकून हा घ्या. 'मायनर पेंटाटॉनिक' म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, अर्थात धानीचे स्वर. पुरा 'मायनर' म्हणजे आसावरी थाटाच्या जवळ, गंभीर, थोडा उदास. 'अकेबोनो' नावाखाली जपानी पद्धतीची पंचस्वरी रचना येते. सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीत धैवत कोमल केल्यासारखी. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, पण रोज कामावरून दमून आल्यावर तेच ऐकायचं असेल तर जरा विचार करा. माझ्या ओळखीत हौसेने घेतलेले असे ड्रम बहुतेक कपाटावर गेले आणि भूपाचे बाहेर राहिले.

दोन्ही हवं असेल तर सरळ सातस्वरी ड्रम घ्या आणि म व नि यांच्या जिभांवर कागदी टेपचा तुकडा लावा, म्हणजे डोळ्यांना खूण राहते. टेप काढली की बिलावल, लावली की भूप.

४३२ हर्ट्झचा ड्रम जास्त शांतता देतो म्हणतात. खरं का?

त्याला भक्कम आधार नाही. '५२८ हर्ट्झने पेशी दुरुस्त होतात' या दाव्यालाही नाही. फरक एवढाच की जगभर मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना, लावतात (आयएसओ १६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७५ चं) आणि या ड्रमांत ती ४३२ ला लावलेली असते. म्हणजे सगळे सूर अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशाने उतरलेले. एकट्याने वाजवलात तर कानाला काही कळणारही नाही. पेटीबरोबर किंवा मोबाइलच्या तंबोऱ्याबरोबर वाजवलात की मात्र दात आंबतात. मी तरी ४४० चाच घ्या म्हणेन, आणि ४३२ साठी जास्तीचे पैसे तर मुळीच देऊ नका.

यावर राग वाजवता येतात का?

रागाचे स्वर वाजवता येतात, राग नाही. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सुराचं संथ झुलणं) नाही, कणस्वर (शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श) जेमतेम. एकदा जीभ वाजली की सूर जिथे आहे तिथेच राहतो. शिवाय गंधार पेटीसारखाच थोडा चढा असतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट). तयार कानाच्या माणसाला ते टोचतं. बेळगावजवळच्या ज्या सुळेभावीत १९२४ साली गायक कुमार गंधर्व जन्मले, तिथून जाताना "मी ड्रमवर मालकंस वाजवतो" असं मोठ्याने बोलू नये इतकंच.

पण खेळायला जागा भरपूर आहे. सातस्वरी ड्रमवर म-नि गाळा, भूप. ग-नि गाळा, दुर्गा. आता मूर्च्छनेची गंमत बघा. भूपाचेच पाच सूर ठेवा आणि सा बदला. ड्रमवरच्या रे ला सा मानलंत तर मेघाचे स्वर मिळतात. ग ला सा मानलंत तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि, म्हणजे मालकंसाचे. प वरून दुर्गा, ध वरून धानी. एकही नवी जीभ न लागता पाच वातावरणं. प्रत्येक वेळी तुम्ही मानलेल्या सा वर परत परत येऊन थांबायचं, नाहीतर कान पुन्हा भूपात घसरतो. अकरा जिभांच्या ड्रमवर मालकंस करताना वरचा कोमल निषाद मिळत नाही, म्हणून चढत जाण्यापेक्षा खाली उतरा. ग, मग खालचे रे, सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, मंद्र प. या उतरणीत तो फार छान लागतो.

शेजारची कन्नड मुलगी कर्नाटक पद्धतीचं गाणं शिकत असेल तर भूपाला ती मोहनम् म्हणेल, मालकंसाला हिंदोळम्. दोघांनी एका ड्रमभोवती बसून वाजवायला काहीच अडत नाही.

ऑनलाइन मागवू की दुकानातून?

बेळगावच्या वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, ढोलकी, गिटार हटकून मिळतात. टंग ड्रम असेलच असं नाही, असला तर एखादा लहान आकाराचा. मिळाला तर वाजवून घ्या, बरा वाटला तर थोडे जास्त पैसे गेले तरी तिथूनच घ्या. नाहीतर ऑनलाइन आहेच. तेव्हा विक्रेत्याने टाकलेला व्हिडिओ ऐकू नका, त्यात मागे घुमारा भरलेला असतो. ग्राहकांनी स्वयंपाकघरात मोबाइलवर काढलेले व्हिडिओ ऐका. परत घेतात का, किती दिवसांत, हे आधी वाचा. 'टायटॅनियम मिश्रधातू' असल्या शब्दांवर भाव ठरवू नका.

पार्सल आलं की खोका उघडतानाच मोबाइलवर चित्रीकरण करा. मग पंखा बंद करून ड्रम मऊ कापडावर ठेवा आणि एकेक जीभ वाजवा. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रत्येक सूर साधारण सारखाच टिकतो का? एखादी जीभ 'टप्प' करून बसत असेल तर ती मेलेली आहे. दुसरी, सुराच्या शेपटीत झरझर किंवा खरखर येते का? चिरेच्या कडेला राहिलेला पत्र्याचा कीस, सुटलेला स्टिकर किंवा तळाचा सैल रबरी पाय हे त्याचं कारण असतं. स्टिकर काढून पुन्हा वाजवा, बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो. तिसरी, मोबाइलवर फुकट ट्यूनर घेऊन सूर तपासा. पाचेक सेंटचा फरक सोडून द्या, पंधरा-वीस सेंट असेल तर परत पाठवा. एक सा आणि वरचा सा एकत्र वाजवून बघायला विसरू नका, कारण ट्यूनर न वापरताही तिथे खोट ऐकू येते. दोन सुरांच्या मध्ये वांव-वांव अशी लाट उठते.

बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीचा फॅब्रिकेटर आहे. गॅसच्या जुन्या सिलिंडरचा करून घेऊ का?

नको. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचं असतं, तुमचं नसतं. ते कापणं कायद्यात बसत नाही आणि जिवावरही बेतू शकतं. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही वायू उरतो, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. एसीच्या गॅसचे डबे कापतात म्हणून दाखवणारे व्हिडिओ बघून तेही करू नका.

हौस असेल तर कोऱ्या पत्र्याचं भांडं घ्या. लेझर कटिंग करणारे बेळगावात आहेत, आकृती नेऊन दिली की चिरा नेमक्या पडतात. मग जुळवणी. जिभेचं मोकळं टोक थोडं घासलं की वजन कमी होऊन सूर चढतो. मुळाशी चीर थोडी वाढवली की जीभ लांब होऊन सूर उतरतो. चीर वाढवणं सोपं, भरणं अवघड. म्हणून सुरुवातीला सूर चढाच ठेवायचा आणि हळूहळू खाली आणायचा. फाउंड्रीच्या गावात राहून असलं काही करावंसं वाटतं, ते स्वाभाविक आहे. पण पहिला ड्रम विकतच घ्या. चांगला सूर कानात बसल्याशिवाय घासायला काय बघून लागणार?

काठी कशी धरायची आणि मारायचं कुठे?

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात काठी सैल धरा, बाकीची बोटं नुसती टेकलेली. मूठ आवळली की आवाज दबतो. हालचाल मनगटातून, कोपरातून नाही. टोला जिभेच्या मोकळ्या, गोल टोकाजवळ द्यायचा. मुळाशी मारलंत तर सुराऐवजी ठक्क असा पत्र्याचा आवाज येतो, कारण तिथे जीभ हलतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, काठी टेकू द्यायची नाही. तापल्या तव्याला बोट लागल्यावर हात येतो तशी ती लगेच मागे आली पाहिजे. रबर जिभेवर क्षणभर जरी रेंगाळलं तरी ते स्वतःच उठवलेला सूर गिळून टाकतं. नवीन माणूस आवाज येत नाही म्हणून जोर वाढवतो, त्याने सूर आणखी चेंगरतो. जोर निम्मा करा, उचल दुप्पट वेगाने करा.

जिभा पेटीसारख्या डावीकडून उजवीकडे नसतात. बऱ्याच ड्रमांवर सर्वांत खालचा सूर तुमच्या बाजूला आणि पुढचे एक डावीकडे, एक उजवीकडे असे चढत जातात. त्यामुळे सरगम म्हणताना हात आपोआप आलटून पालटून पडतात. जिभांवरचे १ ते ७ आकडे म्हणजे सरळ सा ते नि. खाली टिंब असलेला ५ हा मंद्र पंचम, वर टिंब असलेला १ हा तार षड्ज. भातखंडे लिपी पाहिलेल्यांना हे वेगळं शिकावंच लागत नाही.

बोटांनी वाजवला तर चालेल?

मोठा ड्रम असेल तर चालेल. बोटाच्या पेराचा मऊ भाग वापरा, नख नको. लहान ड्रमचा पत्रा बोटाला दाद देत नाही.

मांडीवर, टेबलावर की जमिनीवर?

तळाला भोक असेल तर ते पूर्ण झाकलं जाणार नाही असं बघा, नाहीतर खालचे सूर बसतात. शहाबादी फरशीवर थेट ठेवलात तर पाय खडखडतात, खाली घडी घातलेली सतरंजी घ्या. गादीवर ठेवू नका, सगळा नाद गादी पिते.

निवांत व्हायला रोज नेमकं काय वाजवायचं?

कमी सूर आणि जास्त मोकळी जागा, एवढ्यावर सगळं आहे. लोक उलट करतात. अकरा जिभा आहेत म्हणून अकराही वाजवतात, व्हिडिओतल्या माणसाच्या वेगाने, आणि मग "मन काही शांत होत नाही" म्हणतात.

सुरुवात दोन जिभांवर करा, सा आणि प. सा वाजवा. आता काठी हवेतच धरा आणि तो सूर संपेपर्यंत ऐका. आधी टोल्याचा ठोका विरतो, मग भरीव नाद राहतो, मग बारीक होत जातो आणि शेवटी तो संपला की पंख्याच्या आवाजात मिसळला तेच कळत नाही. तिथे प वाजवा. घाई झाली असेल तर ती इथेच लक्षात येते, कारण सूर संपायच्या आत हात खाली येतो.

हे जमलं की श्वास जोडा. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. सा वाजवून चार ठोके श्वास आत, प वाजवून सहा ठोके बाहेर. एक फेरा दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बसल्या जागी मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस चालतात, त्या मानाने ही बरीच संथ लय झाली. दम पुरत नसेल तर आत तीन, बाहेर चारने सुरू करा. गरगरलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. सरावल्यावर मेट्रोनोम बंद करा, त्याची टिकटिक नंतर नको वाटते.

मग पाच सूर घ्या. ही एक ओळ देतो, प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक ठोका थांबणं:

सा – – ग – – प – – –
ध – – प – – ग – – –
रे – – ग – – सा – – –

पाठ झाली की सोडून द्या, आणि सा वर परत यायचं एवढंच लक्षात ठेवून मनाने फिरा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. सकाळी करा, दिवेलागणीला करा, लाइट गेल्यावर करा. लाइट गेल्यावर खरं तर फार चांगलं जमतं, कारण फ्रिज आणि टीव्ही दोन्ही गप्प असतात आणि मोबाइल चार्जिंग राखायला बाजूला पडतो.

झोप लागत नाही, छाती धडधडते, बीपी आहे. याने बरं होईल का?

ड्रम हे औषध नाही. संथ श्वास आणि एका जागी ठेवलेलं लक्ष यांनी त्या वेळेपुरतं अंग सैल पडतं, हे बहुतेकांना जाणवतं. त्याच्या पुढचे दावे विकणाऱ्यांचे आहेत. बीपीची गोळी ड्रम घेतला म्हणून बंद करायची नाही. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर. कानात सतत आवाज येण्याचा त्रास असेल तर काहींना अशा नादाने बरं वाटतं, काहींचा त्रास वाढतो, म्हणून विकत घेण्याआधी कुणाचा तरी वाजवून बघा.

आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, मनात नको ते विचार येतात असं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आपल्यापासून फार लांब नाही. तिथे जायला संकोच कशाला?

गल्लीत भिंतीला भिंत आहे. शेजारी ओरडतील का?

बारा इंची ड्रम हलक्या हाताने वाजवला तर शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू येतो. गणपतीत दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणारी मिरवणूक ऐकलेली आपली माणसं, त्यांना याचा काय त्रास होणार! तरीही रात्री दहानंतर काठीच्या टोकाला जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळा, आवाज आणखी मऊ होतो.

पावसाळ्यात गंज चढतो का?

चढतो, आणि सीमाभागात सगळीकडे सारखा नाही. अथणी-रायबागकडे हवा कोरडी, तिथे फारशी चिंता नाही. बेळगावात आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे पोलादाची काय कथा.

बहुतेक ड्रम साध्या पोलादाचे, वरून रंग दिलेले. रंग पृष्ठभागावर टिकतो, पण चिरेच्या कापलेल्या कडेवर त्याचा थर पातळ असतो. गंज तिथूनच सुरू होतो. आधी कडेला केसाएवढी तांबूस रेघ दिसते, मग ती रंगाखाली सरकते आणि रंग फुगतो. रेघ असतानाच लक्ष दिलंत तर काम सोपं आहे. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा, कारण हाताचा घाम पावसापेक्षा वाईट. जून लागायच्या आधी शिलाई मशीनचं तेल कापसावर घेऊन चिरांच्या कडांना अगदी पुसट हात मारा आणि जादा टिपून घ्या. खोबरेल लावू नका, ते चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. ड्रम पिशवीत कोंडून ठेवू नका. पिशवीत ठेवायचाच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका, चपलांच्या खोक्यातल्या जपून ठेवल्या असतील तर त्या चालतात. गंज लागलाच तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. जोराने घासलंत तर जिभेचं वजन कमी होऊन सूर हलेल.

सूर बिघडला तर?

पडला, आपटला किंवा कोणी हातोडीच्या थाटात वाजवला तरच बिघडतो. सूर चढला असेल तर जिभेच्या खालच्या बाजूला टोकाशी लहान निओडायमियम चुंबक चिकटवा. वजन वाढून सूर उतरतो. चुंबक मुळाकडे सरकवला की परिणाम कमी होतो, त्यामुळे नेमकी जागा शोधता येते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर असले चुंबक वापरू नका, आणि लहान मुलांच्या हाती तर कधीच लागू देऊ नका, गिळले तर आतड्याला इजा होते. सूर उतरला असेल तर टोक घासावं लागतं, ते जाणत्याकडून करून घ्या.

भजनात साथीला चालेल का?

पखवाज आणि टाळ सुरू झाले की ऐकूही येणार नाही. भजन सुरू व्हायच्या आधी, माणसं जमत असताना, हळू वाजत ठेवला तर छान वाटतो. पेटीवाल्याला पट्टी आधी विचारा. मंडळाची काळी एक असेल आणि ड्रम पांढरी दोनचा, तर तो गुंडाळून ठेवा.

आईचं वय सत्तरच्या पुढे आहे, बोटं आखडलेली. तिला घेऊ का?

घ्या, भूपाचा, आणि जाड मुठीची काठी द्या. काठी बारीक असेल तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, पकड सोपी होते. शिकवायला बसू नका. ड्रम तिच्यासमोर ठेवून बाजूला व्हा.

मुलांच्या हातात द्यावा का?

द्या, पण काठी तोंडात घालायच्या वयाला नको. रबरी टोक निघून येतं.

शिकवणारं कोणी आहे का?

खास टंग ड्रमचा क्लास शोधत बसू नका. जवळच्या कोणत्याही पेटीवाल्याकडे किंवा गाण्याच्या बाईंकडे महिनाभर सरगम आणि अलंकार शिका, मग ते ड्रमवर उतरवा. ऑनलाइन आकड्यांचे कागद पुष्कळ मिळतात, पण ते बघत वाजवलं की डोळे कागदावर राहतात आणि कान कामाला लागतच नाही.

जुना, कोणी वापरलेला घ्यावा का?

चिरांच्या कडा तपासून, सगळ्या जिभा वाजवून, अवश्य घ्या. कपाटावर पडलेले पुष्कळ आहेत. अकेबोनोचा असेल तर भाव आणखी पाडून मागा.